मिठाचा रेणू कुठे आहे?

‘मिठाचा रेणू एक सोडियम व एक क्लोरीन अणू मिळून बनतो,’ असे उत्तर आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा लिहिले आहे आणि त्याचे गुणही मिळवले आहेत. पण मिठाच्या खड्यात हा रेणू शोधू गेलो, तर तो सापडतच नाही!

१९१३ साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. प्रत्येक सोडियम आयनाभोवती ६ क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम आयन. मग कोणत्या सोडियमची जोडी कोणत्या क्लोराइडशी लावायची? मिठाचे सूत्र केवळ १:१ हे प्रमाण सांगते. हेन्री आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञालाही हे पटले नाही. १९२७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी या रचनेची थट्टा केली. तेव्हा विद्यार्थ्यांचा गोंधळ उडाला तर नवल नाही.

या गोंधळाचे मूळ फळ्यावरच्या बाणात आहे, असे मला वाटते. सोडियमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, अष्टके पूर्ण झाली, की झाला बंध! पण जरा हिशेब मांडून पाहा. सोडियमच्या एक मोल अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनच्या अणूंनी ते स्वीकारले की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे व्यवहार तोट्याचा! तो तोटा भरून निघतो, तो हे विरुद्ध भारांचे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा. त्या वेळी सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. बंध आहे तो या सर्व बाजूंनी असणाऱ्या आकर्षणात. देवघेव ही केवळ त्याची पूर्वतयारी.

बाण पाठ केलेला विद्यार्थी धातूपाशी आला की अडतो. तांब्यात सारेच अणू इलेक्ट्रॉन सोडणारे, घेणारा कोण? ज्याला आकर्षण समजले, त्याला अडचण पडत नाही. धन आयनांची रचना आणि त्यांच्यामधून मोकळे फिरणारे, सर्वांच्या मालकीचे इलेक्ट्रॉन, यांच्यातील आकर्षण म्हणजेच धातुबंध.

खडेमिठाचा एक खडा आणि तांब्याच्या तारेचा तुकडा वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळून त्यांवर हातोडी मारा. खडा फुटतो, कारण थर सरकताच सारखे भार समोरासमोर येतात व एकमेकांना दूर लोटतात. तार मात्र चपटी होते. आयनांचे थर सरकले तरी इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात.

शिक्षकांना एवढीच विनंती: बाण जरूर काढा, पण तेथेच थांबू नका. ‘सोडियम किती इलेक्ट्रॉन देतो?’ या प्रश्नानंतर ‘त्याला शेजारी किती?’ हेही विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गुरुजींनी विचारले नाही, तर तुम्हीच त्यांना विचारा!