भाताचे शेंडे छाटूनच लावणी करावी

भातावर काटेरी भुंगेरा दिसताच औषध मारण्याची घाई होते. आमच्या मते ही घाई उशिराची होय. भुंगेरा पानातील हरितद्रव्य खरवडतो व पांढऱ्या रेघा उमटतात, म्हणून तो नजरेस पडतो. त्याची अळी मात्र पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खाते, कोषातही तेथेच जाते. वरवर धुरळलेली भुकटी तिला पोहोचणार कशी? अंडी बहुधा पानाच्या शेंड्याकडे असतात. म्हणून लावणीपूर्वीच शेंडे छाटून जाळावेत वा पुरावेत. बांधावर टाकू नयेत. मजुरी वाढते, हा आक्षेप आम्हांस पटत नाही. रोपांची जुडी बांधतानाच विळ्याने हे काम उरकते. कडाकरपा असलेल्या रोपांना मात्र विळा लावू नये, जखमांतून तो रोग पसरतो.