सीमेपलीकडचा माळ

विजयादशमीस आपण सीमोल्लंघनास निघतो ते गावाची वेस ओलांडून शमीपूजनासाठी. पांडवांनी अज्ञातवासात शिरण्यापूर्वी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेरच्या शमीवर ठेवली, ही कथा आम्ही नवरात्राच्या कीर्तनांतून दरसाल सांगतो आणि श्रोतेही ती दरसाल तितक्याच गोडीने ऐकतात. आमच्या सोलापूर-पंढरपूरकडे शमीस सौंदड म्हणतात. ती राईत क्वचित, माळावर अधिक आढळते. त्या माळाविषयी आज दोन शब्द लिहावेत असे वाटते, कारण एका कायद्याचा हात त्यावर पडला आहे आणि तो हात सद्हेतूचा असूनही जड आहे.

१९८० च्या वन संवर्धन अधिनियमाने वनजमीन अन्य कामास देण्यापूर्वी केंद्र शासनाची संमती आवश्यक केली. धरण, खाण, रस्ता यांसाठी वन घेणाऱ्याने त्याची भरपाई द्यावी, दुसरीकडे वृक्षारोपण व्हावे, अशी पद्धत पुढे रूढ झाली. पैसा जमत गेला, काम मात्र मागे राहिले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली दाखवून दिले की, २००६ ते २०१२ या काळात भरपाईपोटी मिळावयाच्या सुमारे १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमिनीपैकी २८,०८६ हेक्टरच मिळाली होती. म्हणून संसदेने २०१६ साली पर्यायी वनीकरण निधी अधिनियम संमत केला व तो ३० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. निधीचा नव्वद टक्के वाटा राज्यांचा ठरला. २०१९ च्या ऑगस्टात राज्यांकडे ४७ हजार कोटींहून अधिक रुपये सोपविण्यात आले. इतके द्रव्य वनदेवतेच्या ओटीत यापूर्वी कधी पडले नसेल! वन्यप्राण्यांच्या निवासाची सुधारणा हाही या निधीचा एक हेतू आहे.

मग अडते कोठे? आमच्या मते 'वनीकरण' या शब्दातच. वन म्हणजे झाडे, अधिक झाडे म्हणजे अधिक वन, असे समीकरण नियमांत आणि त्याहून अधिक मनांत बसले आहे. जेथे झाडे विरळ तेथे जमीन उजाड ठरते. केंद्र शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ व चराऊ राने 'पडीक' या सदरात दाखविली जातात. आणि एकदा पडीक म्हटले की खड्डे खणावयास कोण मागेपुढे पाहणार?

येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आज आपण 'जंगल' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दाट झाडी येते. पण ज्या संस्कृत शब्दापासून तो आला त्या 'जांगल' शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट आहे. आयुर्वेदाने देशाचे तीन प्रकार मानले: जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ. जांगल म्हणजे आकाशासारखा मोकळा, अल्प पावसाचा, विरळ काटेरी झाडांचा प्रदेश, असे सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेत जांगल देशाच्या वृक्षांत शमीचे नाव आहे आणि हरिण, तित्तिर हे तेथील जीव आहेत. ज्या भूमीत काळवीट स्वभावतःच विहरतो तीच धर्माचरणास योग्य, असा निर्वाळा याज्ञवल्क्य स्मृतीने दिला. प्राचीनांनी ज्या भूमीस पुण्यभूमी म्हटले तिला आम्ही पडीक म्हणतो!

काळविटास धावावयास मोकळे रान लागते. लांडगा याच माळावर पिल्ले वाढवितो. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. शत्रू दुरून दिसावा हीच त्याची तटबंदी. तेथे ओळीने रोपे लावली की कावळ्यास टेहळणीला फांदी मिळते आणि माळढोकाचे घर मोडते. जो निधी त्याच्या निवासासाठी, त्यातूनच हे घडावे याला काय म्हणावे?

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध धनगर आमच्यापाशी येऊन बसले. "महाराज, आमच्या गायरानात गिरीपुष्प लावलं. त्याला मेंढरू तोंड लावत नाही. चर खणले, त्यात कोकरं पडतात. मारवेल, पवना होता तो गेला. आता आम्ही कुठं जावं?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

उत्तर मात्र आमच्याच जिल्ह्यात आहे. नान्नजच्या माळावर १९७० नंतरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली काही तुकडे चराईपासून राखले. गवत परतले आणि त्यात माळढोक वावरू लागला. १९७९ साली अभयारण्य झाले. पुढे मात्र चूक उलट टोकास गेली: साडेआठ हजार चौरस किलोमीटरांची रेघ नकाशावर ओढली गेली, तीत शेते आली, गावे आली, जमिनीची खरेदी-विक्री अडली आणि लोक त्या गरीब पक्ष्यावरच चिडले. नंतर क्षेत्र घटवून सुमारे सव्वाबाराशेवर आणले. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, या अधिनियमाच्या नियमांत गवताळ माळाचे पुनरुज्जीवन हे वृक्षारोपणाच्या बरोबरीचे काम मानावे, जेथे मुळात माळ होता तेथे झाडांची सक्ती नसावी, आणि हिशेब रोपांच्या संख्येने न होता शेडा, पवना परतला का, काळवीट परतला का, यावरून व्हावा. वाडीवस्तीवरच्या मेंढपाळास विचारल्यावाचून त्याचे रान बंद करू नये. कोणता तुकडा केव्हा राखावा हे त्याच्याइतके दुसऱ्यास ठाऊक नसते. घाटमाथ्यावर जेथे खरोखरच वृक्ष तोडले गेले तेथे वृक्षच लावावेत, याविषयी आमचा वाद नाही.

देवस्थानांनाही आमची विनंती आहे. दसऱ्याच्या सुमारास माळावर वृक्षारोपणाचे सोहळे होतात, फोटो निघतात, भाविक श्रद्धेने देणगी देतात. आमच्या पंचक्रोशीतील दोन देवस्थानांच्या विश्वस्तांशी आम्ही यंदा बोललो. एका ठिकाणी माळ सोडून ओढ्याकाठी वड-उंबर लावावयाचे ठरले. दुसऱ्या ठिकाणी रोपे आधीच येऊन पडली होती. पुढच्या वर्षी पाहू, असे ते म्हणाले.