कर्जमुक्तीचें स्तोम

गेल्या वैशाखांत लातुरास एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादास जाण्याचा योग आला. निमित्त लग्नाचें नव्हतें, मुंजीचें नव्हतें, वास्तुशांतीचेंहि नव्हतें. यजमानांनीं वीस वर्षांच्या मुदतीचें गृहकर्ज आठ वर्षांत फेडलें होतें आणि बँकेकडून परत आलेलीं घराचीं मूळ कागदपत्रें चौरंगाशेजारीं हळदकुंकू लावून ठेवलीं होतीं. जमलेल्या प्राध्यापक-मंडळींत त्यांचें कौतुक चाललें होतें. एकानें सांगितलें कीं, आठ वर्षांत या गृहस्थांनीं एकहि प्रवास केला नाहीं. दुसऱ्यानें सांगितलें कीं, दोन दिवाळ्या नव्या कपड्यांवांचून काढल्या. तिसऱ्यानें, जणूं तेंच सर्वांत मोठें भूषण, म्हणून सांगितलें कीं, छातींत दुखत असतांहि त्यांनीं तपासणीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला, पण हप्ता चुकूं दिला नाहीं. उलट दुप्पट भरला. मंडळींनीं माना डोलाविल्या. प्रस्तुत लेखकाच्या हातांतील प्रसाद मात्र तसाच राहिला. त्या तिसऱ्या वाक्याविरुद्ध हा लेख आहे.

कोणाचा गैरसमज होऊं नये म्हणून प्रथमच सांगून टाकतों कीं, कर्ज बुडवावें अथवा आळसानें लांबवावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मुदतीपूर्वीं कर्ज फेडणारांच्या बाजूनें अंकगणित उभें आहे, हेंहि आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. तीस लाख रुपयांचें कर्ज वीस वर्षांच्या मुदतीनें, दर साल दर शेंकडा साडेआठ या दरानें घेतलें, तर मासिक हप्ता सुमारें २६,०३५ रुपयांचा येतो. पहिल्या हप्त्यांतील २१,२५० रुपये व्याजांत जातात. मुद्दलांत जेमतेम ४,७८५ पडतात. दर तोच राहिला असें धरलें, तरी दहा वर्षें नेमानें हप्ते भरल्यावर मुद्दलापैकीं नऊच लाख फिटलेले असतात; एकवीस लाख तसेच उभे असतात. अशा कर्जांत पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले व हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारें अठरा हप्ते गळून पडतात. हा लाभ लहान नव्हे.

परंतु हेंच अंकगणित पुढें जें सांगतें, तें आमचे मित्र ऐकत नाहींत. मुदतीचीं दोनच वर्षें उरलीं असतां तोच एक लाख जादा भरला, तर वांचणारें व्याज सतरा हजारांच्या आसपास भरतें. म्हणजे घाईचा खरा लाभ कर्जाच्या आरंभीं असतो आणि शेवटीं तो आटत जातो. आमच्याकडील रीत मात्र उलटी. आरंभीं लग्नकार्यें व मुलांच्या शाळा, मधल्या काळांत लातूरच्या शिकवणीवर्गांचें शुल्क, आणि मग पन्नाशीच्या सुमारास, निवृत्ति दिसूं लागली म्हणजे, 'एकदांचें मोकळें व्हावें' अशी झिंग चढते. ज्या वयांत शरीर आपलीं बिलें पाठवूं लागतें, त्याच वयांत गृहस्थ आपली सारी शिल्लक बँकेच्या पायांवर नेऊन ओततो. आणि तीहि अशा वेळीं, जेव्हां तिच्यापासून मिळणारा लाभ सर्वांत थोडा असतो.

ही झिंग आली कोठून, हें पाहिलें पाहिजे. कारण ती केवळ मूर्खपणांतून आलेली नाहीं. कर्जाचें भय आपल्या हाडींमासीं खिळलें आहे आणि त्याला सबळ कारण आहे. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा महाराष्ट्रांत पोराटोरांना ठाऊक आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं, तेव्हां इंग्रज सरकारास १८७९ चा कायदा करावा लागला. पण तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता, निजामाच्या हद्दींतील आमच्या नांदेड-लातूरकडील कुळाला त्याचा उपयोग नव्हता. कबजेगहाणांत गेलेली जमीन बहुधा परत येत नसे. १९२५ सालीं बाबूराव पेंटरांनीं 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला, तेव्हां त्यांतली गोष्ट प्रेक्षकांस नवी म्हणून नव्हे, तर ओळखीची म्हणून भिडली असली पाहिजे. आमच्या आजोबांच्या तोंडीं 'खत' हा शब्द साप म्हणावा तसा येई. अशा घरांत वाढलेल्या माणसाला कर्ज म्हटलें कीं झोंप येत नाहीं, यांत नवल तें काय?

पण भयाचेंहि वय होतें. सावकाराच्या वहींत व्याजावर व्याज चढे आणि कुळाला अक्षर वाचतां येत नसे. आजचें गृहकर्ज उरलेल्या मुद्दलावरच व्याज आकारतें. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच बँकांस मनाई केली. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांच्या आंत मूळ कागदपत्रें परत दिलीं नाहींत आणि विलंब बँकेचा असला, तर दर दिवसाला पांच हजार रुपये भरपाई द्यावी, असा तिचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. याचा अर्थ बँका साधुसंत झाल्या असा नव्हे. २०२२ च्या मेपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहांवर चढला, तेव्हां कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र न विचारतां लांबली. हप्ता वाढवावा कीं मुदत, हें कर्जदारास विचारण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेला २०२३ च्या ऑगस्टांत करावी लागली. तेव्हां बँकेच्या कागदावर डोळा ठेवलाच पाहिजे. परंतु डोळा ठेवणें निराळें आणि आजोबांचें भय खांद्यावर घेऊन बँकेच्या खिडकीशीं उभें राहणें निराळें.

आम्हां इंग्रजी शिकविणारांचा अपराध यांत थोडा अधिक आहे. 'हॅम्लेट' शिकवितांना पोलोनियसनें मुलाला देण्याघेण्याविषयीं केलेला उपदेश आम्ही वर्षानुवर्षें सुभाषित म्हणून फळ्यावर लिहितों, आणि तो उपदेश शेक्सपिअरनें एका वाचाळ दरबाऱ्याच्या तोंडीं घातला आहे, हें सांगावयास विसरतों.

आतां जें सांगावयाचें, तें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. प्रस्तुत लेखकानें २००९ सालीं नांदेडास तरोड्याकडे घर बांधलें, वीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जावर. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली, ती कर्जांत भरली. उत्तरपत्रिका तपासल्याचें मानधन, व्याख्यानांचा विदागीखर्च, सर्व कर्जांत भरलें. येथवर कांहीं चुकलें नाहीं. पुढें कर्ज थोडें उरलें, तेव्हां मात्र बुद्धि फिरली. आरोग्यविम्याचा हप्ता 'वायफळ' म्हणून बंद केला. पत्नीस मधुमेह होता. तिच्या तपासण्या सहा महिन्यांवरून वर्षावर आणि वर्षावरून 'पुढें पाहूं'वर गेल्या. नजर धूसर झाल्याचें तिनें एकदां सांगितलें आणि मग स्वतःच म्हणाली, "आधी कर्ज फिटू द्या हो, मग बघू डोळ्यांचं." या उद्गाराचें आम्हांस त्या वेळीं भूषण वाटलें. मधुमेहांत डोळ्यांच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. त्या दुखत नाहींत, म्हणून वर्षांतून एकदां तरी बाहुली मोठी करून डोळा तपासावा लागतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक होतें, पण तें वहींत लिहिलेलें नव्हतें. २०१९ सालीं कर्ज फिटलें. कागदपत्रें घरीं आणलीं, तेव्हां तीं तिच्या हातीं दिलीं. घर दोघांच्या नांवें आहे. तिनें कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि म्हणाली कीं, नांव दिसत नाहीं. लेझरचे उपचार झाले, डोळ्यांत इंजेक्शनें झालीं. उजवा डोळा वांचला. डाव्याची गेलेली दृष्टि परत आली नाहीं. पुढें हिशेब करून पाहिला. शेवटच्या दोन वर्षांच्या घाईनें वांचलेलें व्याज एका डोळ्याच्या उपचारखर्चाहून कमी भरलें. हिशेब तेवढ्यावरच थांबवावा लागला, कारण उरलेली रक्कम कोणत्या आंकड्यांत मांडावी, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, व्याज निश्चित आहे, आजार अनिश्चित आहे. निश्चिताचा बंदोबस्त आधीं करावा. हें तर्कशास्त्र आम्हांस उलटें दिसतें. निश्चित गोष्टीला हप्ता बांधून देतां येतो, म्हणूनच ती हप्त्यानें चालूं द्यावी. जिला हप्ता बांधून देतां येत नाहीं, तिच्यासाठीं शिल्लक ठेवावी लागते. भिंतींत घातलेला पैसा मध्यरात्रीं रुग्णालयाच्या खिडकीशीं अनामत म्हणून भरतां येत नाहीं. ज्यानें साडेआठ टक्क्यांचें कर्ज फेडून स्वतःस रिकामें केलें, तोच दुसऱ्या दिवशीं बायकोच्या पाटल्या तारण ठेवावयास जातो किंवा त्याहून चढ्या व्याजाचें वैयक्तिक कर्ज काढतो, हें आम्हीं वजिराबादेंतहि पाहिलें आहे आणि गंजगोलाईंतहि.

दुसरा आक्षेप असा कीं, सरकारी योजना आहे. आहे, आणि ती चांगली आहे. २०१२ सालीं ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होतें. आज ती महात्मा फुले यांच्या नांवानें चालते. पण ती रुग्णालयांत भरती झाल्यावरचे ठराविक उपचार व शस्त्रक्रिया करून देते; वर्षाकांठची तपासणी, रोजची गोळी आणि वेळेवर डॉक्टरांकडे नेणारा नवरा ती पुरवूं शकत नाहीं. राहतां राहिला विम्याचा खर्च. त्यावरील अठरा टक्के कर वैयक्तिक विम्यापुरता २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेव्हां तीहि सबब लंगडी झाली.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: स्वतःच्या घरांत, कोणाचें देणें नसतां, निजण्याचें सुख कांहीं वेगळेंच. खरें आहे. परंतु लातूर जिल्ह्यांत राहणाऱ्याला घर म्हणजे काय, हें आम्हीं सांगावें काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीकडील गांवांत दगडमातीच्या जाड भिंतींचीं व वरती मातीचा थर असलेलीं माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. त्यांतील कित्येक घरांवर कोणाचें एका पैचें देणें नसेल. घर माणसांसाठीं असतें. तें टिकविण्यासाठीं माणसें झिजवूं लागलों, म्हणजे भिंती उभ्याच राहून आंतलें सारें कोसळतें.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, फेडीचा क्रम लावावा. प्रथम सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक. मग घरांतील प्रत्येकाचा आरोग्यविमा. मग चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाची वार्षिक तपासणी, आणि तिची तारीख हप्त्याच्या तारखेशेजारींच लिहिलेली. हें झाल्यावर जें उरेल, तें खुशाल कर्जांत भरावें, आणि मुदतीच्या आरंभींच भरावें. कांहीं बँकांचें गृहकर्ज ओव्हरड्राफ्टच्या स्वरूपाचें असतें. त्यांत जादा भरलेली रक्कम व्याज वांचविते आणि अडचणींत परतहि काढतां येते. ज्याला कर्जाची धास्ती सोडवत नाहीं, त्यानें तो मार्ग पाहावा.

आणखी एक. स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून मिळते, म्हणून आतां पुष्कळ घरें स्त्रियांच्या नांवें होत आहेत. कर्जाच्या कागदावर त्यांची सहकर्जदार म्हणून सहीहि असते. पण जादा हप्ता भरतांना त्यांस कोण विचारतो? घरांतील काटकसर बहुधा ज्या औषधांपासून सुरू होते, तीं औषधें कोणाचीं असतात, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांतील फडताळ उघडून पाहावें. सहकर्जदाराची सही घेतली, तर सल्लाहि घेतला पाहिजे. आणि तिनें "माझं राहू द्या" म्हटलें, तर तो सल्ला मानूं नये.

लातूरच्या त्या यजमानांस निरोप घेतांना आम्हीं एवढेंच विचारलें कीं, तपासणी केव्हां करणार? ते हंसून म्हणाले, "आता काय सर, आता मोकळाच आहे. पुढच्या महिन्यात." त्यांच्या पत्नी दाराशीं उभ्या होत्या, त्या हंसल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचाच फोन आला. नांदेडास चांगला हृदयरोगतज्ज्ञ कोण, म्हणून त्यांनीं विचारलें. नांव सांगितलें आणि आजच या, म्हणून बजावलें. दुपारच्या गाडीनें दोघेंहि आलीं.