ही खोड नव्हे

मूल डोळे मिचकावू लागले की घरातून पहिले वाक्य येते, 'चाळे बंद कर!' मग चष्म्याचा नंबर तपासतात, घसा खाकरला तर सर्दीचे औषध. खांदा उडू लागला की वर्गात नकला सुरू होतात. हा टिकचा विकार. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये असे नऊ रुग्ण नोंदवले, पण आपल्याकडे अजून 'लाडाने बिघडला' हेच निदान चालते.

शिंक येण्यापूर्वी नाक हुळहुळावे तशी आधी अस्वस्थता दाटते. झटका दिला की सुटका. काही वेळ तो दाबता येतो, आणि नेमके तेच मुलाच्या अंगाशी येते. 'शाळेत जमते, मग घरीच का?' अहो, दिवसभर दाबलेले घरी सुटते! त्यात रागावले, की ताणाने ते आणखी वाढते.

सुरुवात बहुधा पाच ते सात वर्षांत, जोर दहा-बाराव्या वर्षी; पुढे बहुतेकांचा ओसरतो. सौम्य असेल तर औषधही लागत नाही. त्रास होत असेल तर झटक्याऐवजी दुसरी हालचाल शिकवणारी वर्तनोपचार पद्धत आहे. पण माझ्या मते त्याहून निकडीचे काम म्हणजे वर्गशिक्षिकेला भेटणे, आणि तो मध्येच उठून दोन मिनिटे बाहेर गेला तर जाऊ द्या, एवढे सांगून येणे.