चोर घाम

परीक्षेच्या दालनात माझ्या मनगटाखालचा हातरुमाल पाहून पर्यवेक्षक हमखास थबकतात. त्यात नक्कल नसते. माझ्या तळहातांना घाम येतो, इतका की शाई फुटते आणि पान हाताला चिकटते. वाटूरच्या उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही? पण माझा घाम पौषातही येतो. कोणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की मी नमस्कार करतो, आणि लोक तो माझा विनय समजतात!

अशा माणसाला उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. आजी कुळथाचे पीठ अंगाला चोळायला लावते. त्याने घटकाभर कोरडे वाटते, हे कबूल केले पाहिजे. गेल्या महिन्यात एका मित्राने चिनी चूर्णाची पुडी हातात ठेवली. "शेकडो वर्षांचे औषध आहे, डोळे झाकून घे," म्हणाला. मित्रहो, ते डोळे झाकून घेऊ नये असे माझे मत आहे, आणि गंमत अशी की खुद्द चिनी वैद्यकाचेही तेच मत आहे.

घामावरचे त्यांचे नावाजलेले चूर्ण म्हणजे 'यू पिंग फंग सान', अर्थात वारा अडवणाऱ्या जेडच्या पडद्याचे चूर्ण. हुआंगछी, बाइचू आणि फांगफंग या तीन वनस्पतींची मुळे त्यात असतात. शरीराचे बाहेरचे रक्षण दुबळे झाले की घाम गळतो, म्हणून हा पडदा, अशी त्यामागची कल्पना. परंतु तिकडचा वैद्य आधी विचारतो, घाम जागेपणी येतो की झोपेत? जागेपणी विनाकारण येतो तो 'आपसूक घाम'. झोपेत गुपचूप येऊन जाग येताच थांबतो तो 'चोर घाम'. हे चूर्ण पहिल्यासाठी आहे, दुसऱ्याचे औषध निराळे. पुडी विकणारा मात्र पैशांखेरीज काही विचारीत नाही.

हा भेद निव्वळ पोथीतला नव्हे. रात्री अंथरूण भिजविणारा घाम, जोडीला खोकला आणि घटते वजन, ही क्षयाची लक्षणे असू शकतात. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाचा घाम कष्टाचाच, असे आपण धरून चालतो. अशाने दोन महिने पुडीवर काढले, तर खोकल्यातून तो रोग घरात पसरावयाला वेळ लागत नाही.

म्हणून जुने सारे फेकून द्यावे काय? तेही मला पटत नाही. चीनच्या तू यूयू यांना मलेरियावरील औषधाचा धागा चौथ्या शतकातील एका ग्रंथात सापडला, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी वनस्पतीतील द्रव्य वेगळे काढले, आधी प्राण्यांवर व मग स्वतःवर तपासले. आमच्या कुळथाच्या पिठाची कोणी अशी परीक्षा घेईल काय?

मी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न तोच होता, "झोपेत येतो का?" नाही म्हटल्यावर त्यांनी रात्री तळहातांना लावावयाचे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण दिले. हात बरेच कोरडे झाले आहेत.

पुडी मित्राला परत द्यायला गेलो. त्याने तशीच एक वडिलांसाठीही आणली होती, हे तेव्हा कळले. त्यांना घाम रात्री येतो. सोमवारी थुंकीच्या तपासणीसाठी आम्ही दोघे त्यांना जालन्याला घेऊन जाणार आहोत.