नळी आज काढायची का?

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर नातेवाइकांचे सगळे लक्ष टाक्यांवर असते. पलंगाला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे कोणी फारसे पाहत नाही. खरे तर अशा ऑपरेशनआधी लघवीची नळी घालणे बहुतेकदा आवश्यक असते. तासाला किती लघवी होते, यावरून मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळते की नाही हे कळते. त्यावर वाद नाही. मुद्दा आहे तो पुढच्या मुक्कामाचा.

नळी आत असेल त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढते. ई. कोलाय, क्लेबसिएला हे बहुधा रुग्णाच्याच आतड्यातले रहिवासी. ते नळीला चिकटून बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. अर्थात, रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणजे आजार झाला असे नाही. बहुतेकदा, लक्षणे नसताना अँटिबायोटिक दिले तर औषधाला दाद न देणारे जंतूच पोसले जातात.

खरा आजार मात्र लपून राहतो. नळीमुळे जळजळ जाणवत नाही, वेदनाशामके उरलेली खूण पुसतात आणि ताप आला की संशय आधी जखमेवर जातो. म्हातारा माणूस तर नुसता असंबद्ध बोलू लागतो. हुडहुडी भरून ताप येणे, रक्तदाब घसरणे म्हणजे जंतू रक्तात गेल्याची शंका. मग सकाळच्या राऊंडची वाट पाहून चालत नाही.

गुदाशयाच्या शस्त्रक्रियेसारख्या काही प्रसंगी नळी जास्त दिवस लागते. एरवी बरेचदा ती एक-दोन दिवसांत निघू शकते, पण राहून जाते. कारण भरलेल्या वॉर्डात मोजक्या सिस्टरना तीच सोयीची पडते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर 2008 पासून रुग्णालयात नळीमुळे झालेल्या अशा संसर्गाचे जादा पैसे देणे थांबवले. आपल्याकडे तो भुर्दंड बहुधा रुग्णाच्याच बिलात चढतो. नळी ठेवण्याचे कारण रोज केसपेपरवर लिहिण्याची सक्ती प्रत्येक रुग्णालयाने स्वतःवर घालून घ्यावी. त्याला खर्च शून्य आहे.

नातेवाइकांनी पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. नळी स्वतः ओढू नये. डॉक्टर राऊंडला आले की मात्र न संकोचता विचारावे: नळी आज काढायची का?