आखडलेला पाय आणि आपली घाई

दिवाळी सरली की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि पुढे कधी व्यायामशाळेची पायरी न चढलेली चाळिशी-पन्नाशीची माणसेही जानेवारीकडे डोळे लावून बूट बांधू लागली. हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यांतील अनेक जण महिन्याभरात घरी बसतात आणि कारण एकच सांगतात, ‘मांडीची मागची शीर आखडली.’

वास्तविक ती शीर नसते. मांडीच्या मागे तीन स्नायू असतात; खेळाडू त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना ज्या हाडावर आपला भार येतो, तेथून निघून ते गुडघ्याखाली जोडले जातात. धावताना पोटरी पुढे झेपावते, तेव्हा तिला आवरून धरण्याचे काम त्यांचेच, आणि तेही स्वतः ताणले जात असताना. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्याचे हे स्नायू अशा श्रमाला सरावलेले नसतात. त्यांच्यावर एकाएकी पाच किलोमीटरचा भार पडला की ते ताठरतात. म्हणजे आपण ज्याला आखडणे म्हणतो, ते पुष्कळदा दुर्बलतेचेच लक्षण असते. नुसते ताणून ते जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताण देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. त्याची वेळ आणि रीत सांभाळावी. धावण्यापूर्वी थंड स्नायू एक मिनिटाहून अधिक ताणून धरला तर त्याची ताकद काही काळ घटते. त्यापेक्षा पाच-दहा मिनिटे झपझप चालावे, आधाराला धरून पाय मागे-पुढे झुलवावेत. स्थिर ताण धावून झाल्यावर द्यावा. उताणे पडून एका तळव्यात पंचा अडकवावा, पाय वर उचलावा आणि मांडीमागे सुखद ओढ जाणवेल तिथेच तीस सेकंद थांबावे. प्रत्येक पायाला दोन-तीन वेळा पुरे.

येथे आपल्या सूर्यनमस्काराची आठवण येणारच. त्यातील हस्तपादासन याच स्नायूंसाठी उत्तम आहे. परंतु गुडघे ताठ आणि तळवे जमिनीला, हा हट्ट नवख्याने धरला की पाठ कमानीसारखी वाकते आणि सारा ताण कंबरेवर येतो. गुडघे किंचित वाकवून खुब्यातून झुकले तर काही कमीपणा येत नाही! जमिनीला हात टेकवणे ही शर्यत नव्हे.

खरा उपाय बळ वाढवण्याचा. सेतुबंधासनात कंबर उचलून धरावी. ते सोपे वाटू लागले की टाचा थोड्या दूर न्याव्यात, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंवर अधिक भार येतो. पुढे एकेका पायावर करावे. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन, पाठ सरळ ठेवून खुब्यातून झुकणे व उठणे हा दुसरा व्यायाम. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. गुडघ्यांवर उभे राहून, कोणाकडून घोटे धरवून घेऊन सावकाश पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम अधिक कठीण आहे. फुटबॉलपटूंमध्ये त्याच्या नियमित सरावाने या स्नायूंच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. नवख्याने मात्र तो शेवटी घ्यावा.

या काळात लांब टांगा टाकू नयेत. एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. ओढ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मूळ कंबरेतील मज्जातंतूत असू शकते. आणि धावताना ‘कट्’ असा आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली, तर ताण देत न बसता डॉक्टरांकडे जावे.

स्नायूत बळ येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. जानेवारीत धावणाऱ्याने दिवाळी सरण्याची वाट कशाला पाहावी? सेतुबंधासनाला गणपतीतच आरंभ करावा.